दिवसभर राबूनही काम हातावेगळं होत नाही? या क्रमाने तपासा

इंदूरला सियागंजाजवळ एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी २१ वर्षं काम करते आहे. जीएसटीची रिटर्न, टीडीएस, दुकानदारांच्या हिशेबाच्या फायली, हेच आमचं रोजचं काम. आम्ही सहा जण आहोत. दरवर्षी एखादा नवा मुलगा किंवा मुलगी कामाला लागते आणि तीन-चार महिन्यांनी एका संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन तेच सांगते, "दीदी, सकाळपासून जागची हलले नाही, तरी काही झालंच नाही." चेहरा उतरलेला असतो. आपण आळशी आहोत, आपल्याला हे जमणार नाही, इथवर मनाची तयारी झालेली असते.

मला आजवर भेटलेल्या अशा माणसांत खरा आळशी एखादाच निघाला. बाकी सगळे भरपूर काम करत होते, पण ते अर्धवट सोडत होते. कमी काम करणाऱ्याला जास्त वेळ बसवलं तर काम वाढतं. अर्धवट सोडणाऱ्याला जास्त वेळ बसवलं तर अर्धवट कामंच वाढतात. म्हणून रात्री नऊपर्यंत थांबणं, पहाटे चारचा गजर लावणं, नवं ॲप घेणं हे उपाय मी शेवटीसुद्धा सुचवत नाही. हा बिघाड मी स्वतःत दोनदा पाहिला आहे. ऑफिसातल्या सात-आठ जणांत, भंवरकुआला पीएससीच्या कोचिंगला जाणाऱ्या भाच्यात आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये डबे करणाऱ्या काकूंच्या स्वयंपाकघरातही पाहिला. दर वेळी मी साधारण याच क्रमाने गेले.

लक्षणं

संध्याकाळी "आज काय केलं?" असं कुणी विचारलं तर पटकन एकही पूर्ण झालेलं काम आठवत नाही, पण मान आणि डोळे मात्र दुखत असतात. एकच फाइल, एकच धडा, एकच अर्ज तीन-तीन दिवस टेबलावर दिसतो. सोपी कामं आधी होतात आणि ज्याची तारीख जवळ आली आहे तेच मागे राहतं. अंथरुणावर पडल्यावर "अरे, त्यांना फोन करायचा राहिला" असं आठवतं. रविवारी दुपारपासून सोमवारची धास्ती वाटू लागते. घरच्यांवर चिडचिड होते आणि मग त्याचंही वाईट वाटतं.

यातली दोन-तीन लक्षणं महिनाभर असतील तर पुढे वाचा. चार दिवसांपुरतीच असतील, घरात लग्न किंवा आजारपण असेल, तर काही करू नका. ते आपोआप जातं.

आधी दोन दिवस नुसतं मोजा

यासाठी एक पेन्सिल लागते. फाइल उघडली की तिच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ मारायची. बाजूला ठेवून पुन्हा उघडली की दुसरी रेघ. संगणकावरचं काम असेल तर कागदावर कामाचं नाव लिहून त्यापुढे रेघा मारायच्या. विद्यार्थ्याने धड्याच्या पानावर माराव्यात. काकूंना मी फ्रिजवर चिठ्ठी लावायला सांगितली होती. दोन दिवस वागण्यात काही बदल करायचा नाही, नाहीतर मोजणी खोटी ठरते.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका मुलीने अशा रेघा मारल्या. अर्ध्या तासाचं काम असलेल्या एका फाइलवर नऊ रेघा निघाल्या. नऊ वेळा उघडली म्हणजे नऊ वेळा "कुठवर आलो होतो" हे शोधलं. प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं धरली तरी मूळ कामाइतकाच वेळ नुसता शोधण्यात गेला. हे तिला कुणी सांगून पटलं नसतं. स्वतःच्या रेघा पाहून ती गप्पच झाली.

यामागचं कारण अभ्यासलं गेलं आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अपुरं ठेवून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा थोडा भाग आधीच्या कामाला चिकटून राहतो आणि नव्या कामाची गुणवत्ता घसरते. आपण दुसरी फाइल उघडतो, मन पहिल्या फाइलीच्या बेरजेत अडकलेलं असतं.

आता रेघा वाचा, कारण पुढची वाट त्यावरून ठरते. बहुतेक कामांवर चार-पाच किंवा अधिक रेघा असतील तर दोष बहुधा धरसोडीत आहे: फोन, वही, कामाचा आकार, मध्येच येणारी माणसं. रेघा एक-दोनच आहेत, पण त्या एका बैठकीला फार वेळ लागतो, तर डोळे, झोप आणि यंत्र बघा. रेघा कमी, वेगही बरा, तरी ढीग उरतोच, तर काम माणसाच्या मापापेक्षा मोठं आहे. त्याची वेगळी तपासणी शेवटाकडे आहे. मोजल्याशिवाय उपाय करणारे बहुतेक जण चुकीच्या खोलीत दिवा लावतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, चार महिने.

फोन

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, म्हणून पहिली. "फोन बंद करा" असं मी सांगत नाही. आमच्या धंद्यात ते शक्यच नाही, दुकानदार बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवरच पाठवतात. मी सांगते ते एवढंच: सगळ्या ग्रुपचे आवाज बंद, फोन टेबलावरून उचलून पाठीमागच्या खिडकीत, रिंग मात्र चालू. मेसेज ठरलेल्या वेळी बघायचे. माझ्या वेळा साडेअकरा, दीड, चार आणि सहा. पाहिल्यावर बिलांचे फोटो लगेच संगणकावर त्या-त्या दुकानाच्या फोल्डरमध्ये टाकायचे. फोनमधून बघत-बघत नोंदी करायच्या नाहीत, कारण बिलासाठी उघडलेला फोन बिलापाशी थांबत नाही.

फोन उलटा ठेवून भागत नाही. हात पोचतो तोवर हात जातो. उठून जावं लागलं की निम्म्या वेळा आपण जात नाही.

दुकानदार रागावतील अशी भीती सगळ्यांना वाटते. मी प्रत्येकाला एकच वाक्य पाठवलं होतं, "बिलं कधीही पाठवा, घाई असेल तर सरळ फोन करा." पंधरा दिवसांत सवय झाली. त्या पंधरा दिवसांत खरोखर घाईचे फोन दोन आले. बाकीची घाई मेसेजपुरतीच होती.

डोळे, उजेड, खुर्ची

यावर फार लिहीत नाही, पण वगळू नका. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा वेग वर्षभरात निम्म्यावर आला होता. साहेबांना वाटलं, मन उडालं. प्रत्यक्षात ते बिल हात लांब करून वाचत होते, तीन की आठ हे ठरत नसल्याने प्रत्येक आकडा दोनदा बघत होते. वय ४३. चाळिशी लागली होती, चष्मा मात्र घेतला नव्हता. चष्मा आला आणि दोन आठवड्यांत गाडी रुळावर आली. चाळिशी ओलांडली असेल तर एकदा डोळे तपासून घ्या आणि मगच स्वतःच्या मनाला दोष द्या. खिडकीचा उजेड पडद्यावर चकाकत असेल तर टेबल आडवं फिरवा. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.

झोप आणि चहा

आपल्या इंदूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात आणि शहर खऱ्या अर्थाने जागं होतं. अनंत चतुर्दशीला कापड मिलच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघायला गेलेली माणसं पहाटे घरी येतात. हे सगळं मला प्रिय आहे, ते सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण भाचा आठवड्यातून चार दिवस मित्रांबरोबर भुट्ट्याचा कीस खायला जायचा, दीडला झोपायचा आणि आठला क्लासमध्ये असायचा. मग मला म्हणायचा, "मावशी, वाचलेलं डोक्यात राहतच नाही." कसं राहील? वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते आणि तो जेमतेम साडेपाच तास झोपत होता. आम्ही सराफा शनिवारवर आणला. इतर कुठलाही बदल न करता तीन आठवड्यांनी त्याच्या पानांवरच्या रेघा कमी झाल्या.

चहाचंही तसंच. चहा-कॉफीतलं कॅफीन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा कडक चहा रात्री बारालाही अर्धा शिल्लक असतो. शेवटचा कप चार-साडेचारला घ्या. दुपारी जेवणानंतर येणारी सुस्ती शरीराचा धर्म आहे, तिच्याशी भांडू नका. त्या तासात झेरॉक्स, फायली लावणं, फोन करणं अशी उभ्याने होणारी कामं ठेवा.

यंत्र

संगणक सुरू व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. आमचा एक जुना संगणक सात मिनिटं घ्यायचा आणि मध्येच अडायचा. अडला की मुलं फोन उचलायची, फोन उचलला की दहा मिनिटं गेली. धरसोडीचं मूळ कधीकधी माणसात नसून डब्यात असतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) बसवली की बऱ्याचदा त्याच यंत्राचा वेग कळण्याइतका वाढतो, नवा संगणक घ्यावा लागत नाही. पण हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फायली उघडताना चुका दाखवत असेल तर इथेच थांबा. काही इन्स्टॉल करू नका, पुन्हा-पुन्हा चालू-बंद करू नका, जाणकार तंत्रज्ञाला बोलवा. दुकानदारांचा वर्षभराचा हिशेब त्यात असतो.

वही

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो, म्हणून थोडं सविस्तर.

काम आपल्याकडे किती दारांनी येतं ते मोजा. आमच्याकडे साहेब केबिनमधून हाक मारून सांगतात, दुकानदार व्हॉट्सॲपवर, कुणी जिन्यात भेटून, कुणी शेजारच्या टेबलावरच्या मुलीजवळ निरोप ठेवून, शिवाय ईमेल. पाच दारं आणि लक्षात ठेवायला एक डोकं. डोकं मग दिवसभर पहारा करतं, काही विसरलं तर नाही ना. पहारा करणारं डोकं बेरीज करत नाही.

ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये प्रयोग करून मांडलं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेलं काम माणसाला जास्त आठवतं. अंथरुणावर राहिलेला फोन आठवतो तो बहुधा यामुळेच. पुढे २०११ मध्ये झालेल्या काही प्रयोगांत असं दिसलं की ते काम त्याच क्षणी पूर्ण करायची गरज नसते. ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी मन ते सोडून देतं. वहीचा उपयोग नेमका इथे आहे.

माझी वही साधी शाळेची, दोनशे पानी. डाव्या पानावर आलेलं काम, जसं येईल तसं, दाराशी उभ्या माणसासमोरच लिहायचं. लिहिल्याशिवाय "हो" म्हणायचं नाही. उजव्या पानावर त्यातली आज करायची फक्त पाच कामं. इंदूरकरांना ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही, सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की आपले हात आपोआप दोन डबे उचलतात. वहीची दोन पानंही तशीच. डावीकडचं सगळं आजच करायचं नसतं, पण ते कुठेतरी ठेवलेलं आहे हे ठाऊक असलं की मन निवांत होतं.

एक गोष्ट मात्र सक्तीची: काम अर्धवट सोडावंच लागलं तर उठण्यापूर्वी वहीत पुढची पायरी लिहायची. "कापडवाल्यांची फाइल बाकी" असं लिहून काही साधत नाही. "कापडवाले: ऑगस्टची खरेदी बिलं १७ पर्यंत चढवली, १८ पासून पुढे" असं हवं. वीस सेकंद लागतात. परत आल्यावर शोधण्यात जाणारी तीन-चार मिनिटं वाचतात, आणि नऊ रेघांच्या फाइलीवर तर अर्धा तास. सगळे उपाय विसरलात तरी चालेल, एवढा एक धरून ठेवा.

ॲपमध्ये लिहिलं तर चालेल का, असं मुलं विचारतात. चालेल, पण मग फोन खिडकीतून परत टेबलावर येतो. माझा अनुभव कागदाच्या बाजूने आहे.

कामाचा आकार

वही ठेवूनही एखादं काम रोज डावीकडून उजवीकडे येतं आणि रोज तसंच राहतं. अशा वेळी इच्छाशक्तीवर जाऊ नका, कामाचं नाव वाचा. "अमक्यांचं जीएसटी" हे एक काम नव्हेच, तो ढीग आहे. विक्रीची बिलं चढवणं, ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरणं, १४ ला २बी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची पोर्टलवरची यादी) आलं की खरेदीशी ताळा करणं, न जुळलेली बिलं त्या व्यापाऱ्याकडून मागवणं, पोर्टलवरच्या रोख खात्यात किती आहे बघणं, कराचं चलन काढणं, आणि २० तारखेपर्यंत ३बी (महिन्याच्या कराचं रिटर्न) भरणं. एवढं सगळं एका ओळीत दडलं की हात लावायला नको वाटतं. वेगवेगळं लिहिलं की त्यातलं एक पंधरा मिनिटांत होतं.

आमच्याकडे वर्षानुवर्षं १८ ते २० या तीन दिवसांत रात्री उशीर व्हायचा. उशीर झाला तर दुकानदाराला रोजचे ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज, त्यामुळे सगळे धास्तावलेले असायचे. सगळ्यांना वाटायचं, हात कमी पडतात. मी एका महिन्यात कुठला दिवस कशात गेला ते लिहून ठेवलं. २० तारखेला अडणारी बहुतेक कामं न जुळलेल्या बिलांची होती, आणि ती बिलं मागायला आम्ही १७ ला सुरुवात करत होतो. २बी तर १४ लाच आलेलं असतं. आता १४ ला दुपारपासून दुसरं काही नाही, फक्त ताळा आणि फोन. १९ तारखेला आमचं ऑफिस सात वाजता बंद होतं. माणूस एकही वाढवला नाही.

तुमच्या कामातही असं एक ठिकाण असेल जिथे तुम्ही दुसऱ्याच्या उत्तरावर थांबता. ते विचारणं दिवसातलं, आठवड्यातलं, महिन्यातलं पहिलं काम करा. उत्तर यायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, विचारण्याची वेळ असते. काकूंचं घोडं तिथेच अडलं होतं. उद्या किती डबे हवेत हे त्या रात्री दहाला विचारायच्या, उत्तरं सकाळी आठला यायची आणि कणीक दोनदा मळावी लागायची. आता दुपारी चारला विचारतात.

अंदाजाचीही एक खोड आहे. आपण ठरवतो तेव्हा सगळं सुरळीत होईल असं धरूनच ठरवतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये याला नियोजनाचा भ्रम म्हटलं. अशीच कामं आधी केलेली असतात, त्यांना जास्त वेळ लागलेला असतो, तरी या वेळी लवकर होईल असं वाटतं. म्हणून मनाला विचारू नका, मागच्या महिन्याची वही उघडा. तेव्हा तीन तास लागले असतील तर आताही तीनच लिहा.

सुरुवातच होत नसेल तर घड्याळ लावून बसा. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थीदशेत, १९८० च्या दशकात, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर ही रीत बसवली: २५ मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विश्रांती. भाच्याला ती लागू पडली. मला ताळा करताना २५ मिनिटं तुटक वाटतात, मी ४५ घेते. घड्याळ फोनमधलं नको.

माणसं

इथून पुढच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, पण बोलावं लागतं. म्हणून त्या अवघड.

रेघा मारताना प्रत्येक रेघेसमोर कारणाचं एक अक्षर लिहून बघा: फोनसाठी फ, साहेबांसाठी सा, मन भरकटलं तर म. माझ्याकडे एका आठवड्यात सा सगळ्यात जास्त निघाले. साहेब भले माणूस आहेत, त्यांना आठवेल तेव्हा ते हाक मारतात, एवढंच. मी तो कागद घेऊन केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "साहेब, साडेअकरा ते एक मला हाक मारू नका, एक वाजता मी स्वतः वही घेऊन येते, तुमचं जे असेल ते सगळं लिहून घेते." आठ दिवस त्यांना जड गेलं. नंतर तेही चिठ्ठीवर लिहून ठेवू लागले. तक्रार घेऊन गेले असते तर वाद झाला असता. मोजलेला कागद आणि सोबत एक सोय घेऊन गेले, म्हणून निभावलं.

घरातली माणसंही यात येतात. हे मी विशेषतः बायकांसाठी लिहिते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. म्हणजे बायकांचे जवळपास पाच तास. ज्या बाईच्या दिवसातले पाच तास असे आधीच गेलेले आहेत, तिने ऑफिसात वही नीट ठेवली म्हणून थकवा जाणार नाही. तिच्या घरी वही लागते, आणि ती भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. आमच्या घरी सकाळचे पोहे आणि डबे भरणं आता यजमान आणि मुलगा करतात. पोह्यांवर शेव-जिरावण दोघेही सढळ हाताने घालतात. मी त्या वेळात अंघोळ करून वर्तमानपत्र वाचते. हे मागायला मला सतरा वर्षं लागली, याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही एवढं थांबू नका.

माप

सगळं करून झालं, रेघा एक-दोनवर आल्या, झोप होते, यंत्र नीट आहे, तरी ढीग वाढतोच. मग बेरीज करा. आठवड्याची सगळी कामं लिहून प्रत्येकासमोर मागच्या वेळी लागलेला खरा वेळ लिहा. बेरीज ४५ तासांच्या आसपास आली आणि तुमच्याकडे ४८ असतील तर अजून कुठेतरी गळती आहे, परत रेघांकडे जा. बेरीज ६५ आली तर तुमच्यात बिघाड नाही. इथे थांबा. आणखी लवकर उठू नका, आणखी एक पद्धत शिकू नका. ती बेरीज वरिष्ठांसमोर ठेवा आणि विचारा, यातलं कुठलं काम आधी आणि कुठलं सोडायचं. स्वतःचा व्यवसाय असेल तर हाताखाली माणूस घ्या किंवा काही गिऱ्हाइकं कमी करा. हिशेब, कर, कायदा अशी आपली नसलेली कामं स्वतः शिकून करण्यात महिने जात असतील तर त्या विषयाच्या माणसाला पैसे देऊन ती सोपवा.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

काही लक्षणं वहीने जात नाहीत आणि ती वहीने घालवायचा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नये.

सात-आठ तास झोपूनही उठताना अंग जड, जिने चढताना धाप, केस गळणं, वजन विनाकारण वाढणं किंवा उतरणं: रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ हे डॉक्टर बहुधा आधी बघतात. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं, तेव्हा हे दुर्मीळ अजिबात नाही. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणंही नेहमीचं. मी दुसऱ्यांदा बिघडले होते तेव्हा माझं हिमोग्लोबिन ८.४ होतं आणि मी मात्र तीन महिने वेळापत्रकं बदलत बसले होते. गोळ्या मनाने घेऊ नका, कमतरता का झाली तेही डॉक्टरांना शोधावं लागतं.

रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून जाग येणं आणि दिवसा बसल्या-बसल्या डोळा लागणं, असं तिन्ही असेल तर झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो. शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा, स्वतःला कळत नाही.

दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास आहे, आधी आवडणाऱ्या गोष्टीतही रस उरला नाही, झोप-भूक बिघडली आहे, आपण कुणाच्या कामाचे नाही असं सारखं वाटतं: हे नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. लहानपणापासूनच एका जागी लक्ष टिकत नसेल, शाळेतही तीच तक्रार असेल, तर तेही मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा, मोठेपणीही त्याचं निदान होतं. सरकारची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, आत्ताच फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून घ्या.

पुन्हा उलटलं तर

उलटतं. आमच्याकडे मार्चअखेरीला उलटतं. रंगपंचमीच्या गेरीच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) सुमाराला एकीकडे राजवाड्याकडे जायला मन ओढ घेतं आणि दुसरीकडे वर्ष संपत आलेलं असतं. सप्टेंबरात ऑडिटच्या दिवसांत परत. घरात आजारपण झालं, मुलांच्या परीक्षा आल्या, की वही चार दिवस कोरी राहते आणि पाचव्या दिवशी सगळी दारं परत डोक्यात उघडतात. तेव्हा पहिल्यापासून सगळं करायची गरज नसते. एक दिवस रेघा मारायच्या आणि फोन कुठे आहे ते बघायचं. दहातल्या सात वेळा तो खिडकीतून टेबलावर आलेला असतो. नसेल तर वहीतली पुढची पायरी लिहिणं सुटलेलं असतं. दोन्ही जागेवर असतील आणि तरी आठवडाभरात फरक पडला नाही, तर सरळ झोप आणि रक्त.

डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्या. किती दिवसांपासून, किती तास झोप, कुठल्या वेळी जास्त थकवा, हे त्यात तारखांसकट असतं. माझ्या डॉक्टरांनी ती दहा मिनिटं चाळली आणि मगच तपासण्या लिहून दिल्या.